दुसरीच्या मांडीवर

विचुंब्यात गावकीची बैठक समाजमंदिरात भरायची आणि बायका बाहेर ओट्यावर बसायच्या. आतलं सगळं ऐकू यायचं, फक्त बोलायचं नसायचं. त्या रविवारी मात्र आत एक बाई उभी राहून बोलत होती आणि पुरुष माना वर करून ऐकत होते. ओट्यावरच्या गप्पा आपोआप थांबल्या.

बोलणाऱ्या बाई म्हणजे डॉ. रमा सोमण. पनवेलला लाइन आळीत त्यांचा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. त्यांना गावात आणलं होतं कुमुदने, आणि आत काही बिनसलं तर बोलणी आपल्यालाच खावी लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कुमुदची दिपा पाच वर्षांची. ती जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे डाउन सिंड्रोम, पोरीच्या अंगात एक गुणसूत्र जास्तीचं आहे, त्याला औषध नाही. डोळे किंचित तिरके, नाक बसकं, तळहातावर एकच आडवी रेघ. गावात अशा मुलांना भोळी म्हणत, आणि एकदा भोळी म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. दिपा बोलत नव्हती. भोळी, म्हणून बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात तिचा कान वाहायला लागला म्हणून कुमुद तिला लाइन आळीत घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी कानात बत्ती धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हिला ऐकू येतं का?”

पाच वर्षांत हा प्रश्न कुमुदला कुणी विचारलाच नव्हता.

“अशा मुलांपैकी कितींना कमी ऐकू येतं, हे आपल्या भागात कुणी तपासलेलं नाही,” आत बाई सांगत होत्या. “मला वाटतं, बरीच असतील. ती बोलत नाहीत ती डाउन सिंड्रोममुळे, की शब्द कानावर पडतच नाहीत म्हणून, हे मला शोधायचंय. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेकडे मी जाऊन आले. ते म्हणाले, आधी थोडं काही तपासून हातात घेऊन या, मग मोठ्या अभ्यासाला पैसे देऊ. पण ते थोडं काही करायलाच माझ्याकडे पैसे नाहीत.”

“बाई,” तुळशीरामतात्यांनी सुपारी गालात सरकवली. गावकीचा शेवटचा शब्द त्यांचा; नात्याने ते कुमुदचे चुलतसासरे. “औषध हाय का तुमच्याकडं?”

“नाही.”

“पोरांना कानाची मशीन देनार?”

“आत्ता तरी नाही.”

“मंग पैसे कशाचे?”

“शोधायचे.”

“आन् शोधून काय गावलं नाय तर?”

“तर आपला अंदाज चुकला, एवढं कळेल.”

आत हशा पिकला. ओट्यावर कुमुदने दिपाला उगीचच जवळ ओढलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आनंदा बोलला. तो रेतीच्या धंद्यातला, जिभेला हाड नसलेला. “तात्या, देवलामागं तुमी बोअर मारली. कोरडी गेली. बोअरवाल्यानं पैसे सोडलं व्हतं का?”

आता हशा तात्यांवर उलटला. ती कोरडी बोअर तात्यांनी स्वतः जागा दाखवून मारलेली होती आणि गाव ते विसरायला तयार नव्हतं. तात्यांनी मान हलवली, सगळ्यांचं हसून होऊ दिलं आणि म्हणाले, “बरं. या साली जत्रेला आर्केस्ट्रा नाय. बाई काय आवाज काढतात त्यो ऐकू.”

गावच्या जमिनी सरकारी प्रकल्पात गेल्या होत्या, मोबदला आलेला होता, जत्रेला ऑर्केस्ट्रा आणायची ऐपत आता गावकीला होती. तो पैसा तपासणीच्या यंत्राच्या भाड्याला, मदतनीस नर्सला, आणि लांबून येणाऱ्या आयांचा जो रोज बुडेल त्याला, असा लागणार होता. रोजाचं ऐकून तात्यांनी भुवई उचलली. “पोर आनायचं आन् वर पगार?” पण वीटभट्टीवरची बाई रोज बुडवून येणार नाही आणि ती नाही आली तर तपासणी फक्त सुखवस्तू घरांतल्या मुलांची होईल, हे बाईंनी असं सरळ सांगितलं की तात्यांनी पुढची सुपारी काढली.

तपासणी समाजमंदिरातच ठेवली. रस्त्यापासून आत असलेली ती वास्तू गावात सगळ्यांत शांत. पनवेलहून अशी मुलं आली, करंजाड्याहून आली. नेऱ्याच्या पलीकडे डोंगराखालून भागी आली. वीटभट्टीवर काम करणारी, काटक, कडेवर चार वर्षांचा पांडू. सतरंजी अंथरलेली असूनही ती दाराशी फरशीवर बसली आणि तिला सतरंजीवर बस असं कुणी म्हटलंही नाही. कुमुदनेही नाही.

पद्धत साधी होती. मूल आईच्या मांडीवर बसवायचं. समोर नर्स रूपा रंगीत चेंडू घेऊन त्याचं लक्ष गुंतवून ठेवणार. मग पाठीमागून, मुलाला दिसणार नाही अशा बेताने, बाई कधी उजव्या तर कधी डाव्या बाजूला आवाज करणार: घुंगरू, कपात चमचा, आणि त्या छोट्या यंत्रातून निघणारे बारीक-जाड सूर. मूल आवाजाच्या दिशेने वळलं की ऐकू आलं.

“आयांनी फक्त सैल बसायचं,” बाईंनी बजावलं. “हलायचं नाही, काही सुचवायचं नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण कुमुदच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. बालवाडीत साहेब तपासणीला येणार असले की सेविका आयांना आधीच बोलावून घ्यायची. पोरांच्या मागे आया उभ्या. साहेबांनी फळाचं नाव विचारलं की मागून बोटाने ढोसायचं, कानात कुजबुजायचं. साहेबही ते पाहून न पाहिल्यासारखं करायचे, कारण पोरं हुशार निघाली की सगळ्यांचंच भलं. साहेब समोर बसलेत आणि पोराला तसंच सोडून दिलंय, असं विचुंब्यात कधी झालं नव्हतं. आणि दिपाला तर त्या तपासणीत उभंसुद्धा करत नसत. त्या दिवशी तिला घरी ठेवायचा निरोप यायचा.

उजवीकडे घुंगरू वाजलं. कुमुदने दिपाची उजवी कूस हलकेच दाबली. दिपा उजवीकडे वळली.

“छान,” रूपा म्हणाली.

त्या एका शब्दाने कुमुदचं ऊर भरून आलं. तिच्या लेकीला कुणी छान म्हटलं होतं. मग डावीकडे चमचा वाजला आणि कुमुदची डावी बोटं आपसूक मिटली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळं आवरलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. जवळजवळ सगळी मुलं वळली होती. “माझा अंदाज चुकला असावा,” त्या तात्यांना म्हणाल्या. “मुलं ऐकतात. चांगलंच आहे ते. उरलेले पैसे मी परत आणून देते.”

“बगा!” तात्यांना पैशापेक्षा आपण खरे ठरल्याचा आनंद जास्त झाला. “पोरं ठनठनीत हायत. उगा कानात बत्ती घालत बसल्या.”

कुमुद त्या दिवशी हवेत चालल्यासारखी घरी गेली. तिचा नवरा जगन ट्रकवरून आला तसं तिने त्याला सांगितलं. तोही खूश झाला. पोरीला ऐकू येतं, डॉक्टरनेच सांगितलं.

पुढच्या दिवसांत त्या आनंदाची दुसरी बाजू हळूहळू वर आली. आजवर दिपाने हाकेला ओ दिली नाही तर लोक म्हणायचे, भोळी आहे, जाऊ दे. आता ते जाऊ देईनात. “ऐकू येतं ना गो तुला? मंग?” जगन तिला मागून हाक मारायचा, ती आपल्याच नादात काड्या मांडत राहायची आणि त्याचा आवाज चढायचा. एकदा तो उठला, तिचा दंड धरून त्याने तिला गर्रकन वळवलं. दिपा इतकी दचकली की तिला रडूही फुटलं नाही. बालवाडीच्या सेविकेने निरोप पाठवला की पोरगी ऐकू येऊन ऐकत नाही, हट्टी आहे, घरीच ठेवा.

हट्टी. भोळीपेक्षा हा शब्द कुमुदला जास्त लागला. भोळीला कुणी मारत नसे.

त्याच महिन्यात तात्यांच्या नातीचं लग्न निघालं. कुमुदची सासू सखूबाई गावची धवलारीण. लग्नात भटजीच्या आधी जिचं काम सुरू होतं ती. हळदीपासून प्रत्येक विधीला तिने गायलेले धवले लागायचे आणि तिच्या गळ्याशिवाय विचुंब्यात कुणाला हळद लागल्यासारखी वाटत नसे. सखूबाई गायला बसली की दिपा तिच्या मांडीवर, पाठ आजीच्या छातीला टेकलेली. ओळ संपताना सखूबाई सूर लांबवायची तिथे दिपाही हुंकार द्यायची, बरोबर त्याच जागी. बायकांना त्याचं भारी कौतुक. “धवलारनीची नात, दुसरं काय!”

या वेळी सखूबाईचे गुडघे सुजले होते. “बाय, आज मांडीवर नको गो,” म्हणत तिने नातीला समोर पाटावर बसवलं आणि गाणं सुरू केलं.

कुमुद हळद कालवत होती. ओळ संपली, सूर लांबला, आणि हुंकार आला नाही. तिने वर पाहिलं. दिपा मांडवाच्या झालरीकडे पाहत होती. दुसरी ओळ संपली. दिपा झालरीकडेच पाहत होती. आजी दोन हातांच्या अंतरावर बसून गात होती आणि पोरीच्या चेहऱ्यावर गाण्याचा मागमूस नव्हता. मग तिचं लक्ष आजीच्या हलणाऱ्या ओठांकडे गेलं. ती उठली, हळदीच्या ताटाला वळसा घालून आजीच्या मागे गेली, तिच्या पाठीला गाल लावून बिलगली. पुढची ओळ संपली तिथे हुंकार आला. बरोबर त्याच जागी.

कुमुदचे हात हळदीत तसेच थांबले. पोरगी गाणं कानाने ऐकत नव्हती. आजीच्या हाडामासातून तिच्यापर्यंत जेवढं पोहोचत होतं तेवढंच तिचं गाणं होतं. आणि तपासणीच्या दिवशी घुंगरू ऐकलं होतं ते कुमुदने. दिपाला फक्त आईची बोटं कळली होती.

“काय गो, कुमुद? हळद सुकंल,” कुणीतरी म्हणालं.

“व्हय,” ती म्हणाली आणि कालवू लागली. डोळ्यांतलं पाणी पुसायची सोय नव्हती, हात पिवळे होते.

लग्न उरकलं आणि गावकी पुन्हा बसली. डॉक्टरीणबाई उरलेले पैसे द्यायला आल्या होत्या. ज्या आया आल्या होत्या त्यांनाही त्यांनी निरोप धाडला होता. सगळ्यांना तोंडाने सांगून मोकळं व्हावं, असा त्यांचा स्वभाव. भागीसुद्धा आली होती, दाराशी. तात्या पाकिटाकडे हात नेत होते तेवढ्यात ओट्यावरून कुमुद उठून आत गेली.

“तात्या, थांबा. त्यो पैसा घेऊ नका.”

आत बसलेल्या जगनने मान खाली घातली.

“पोरं वळली नाय,” कुमुद म्हणाली. “माझी तरी नाय वळली. मी वळवली. घुंगरू वाजलं का मी तिची कूस दाबत व्हते.”

डॉ. रमा तिच्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या नाहीत. मग त्यांनी मागे ओट्याकडे नजर टाकली. “अजून कुणी?”

ओट्यावर कुणीच वर बघेना. करंजाड्याची एक बाई पदर चाचपत म्हणाली, “मी नुस्ता गुडघा हलवला व्हता.” दुसरी म्हणाली, “मी श्वास वडला का ह्याला कलतं.” पनवेलची एक शिकलेली बाई म्हणाली, “मी तसं काही केलं नाही हं, म्हणजे फक्त खांद्यावर हात होता माझा.”

“मी तं चिमटाच काढला,” दाराशी भागी म्हणाली. “दर टायमाला. पांड्याची मांडी लाल झालती.”

आधी आनंदा हसला, मग सगळेच. भागीही तोंडावर हात ठेवून हसली. फक्त तात्या हसले नाहीत. “म्हंजे आमचा पैसा पान्यात!”

“तात्या,” कुमुद म्हणाली. “तुमची बोअर कोरडी गेली, तवा हितं पानी नाय एवढं तरी कललं. आमी काय केलं म्हाईत हाय? वरून बादलीभर पानी ओतलं आन् लागलं लागलं म्हनून नाचलो. आता पोरगी बिचारी मार खाते.”

शेवटचं वाक्य तिला म्हणायचं नव्हतं. ते निघून गेलं. जगनने मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झाले.

तात्यांनी पाकीट बाईंच्या दिशेने परत सरकवलं. “पन बाई, परत आयांच्या मांडीवर बसवाल तं परत त्येच. आन् आयांशिवाय ही पोरं बसायची नाय. कशी करनार?”

बाई विचारात पडल्या. रूपाच्या मांडीवर बसवावं तर मुलं अनोळखी माणसाला पाहून आकांत करतील. आयांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली तरी कान उघडेच. सखूबाई ओट्यावरून म्हणाली, “येकीचं पोर दुसरीच्या मांडीवर द्या. दोन दिस आदी खेलवू द्या, वलख व्हईल. दुसरीच्या पोराला कोन पास करतंय!”

यावर इतका हशा उसळला की ठराव वेगळा मांडावा लागला नाही.

चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरवल्या. दिपा भागीच्या वाट्याला आली आणि पांडू कुमुदच्या. भागी मुक्कामाला राहणार कुठे, हा प्रश्न निघाला तेव्हा कुमुदने तिला घरी नेलं. पहिल्या दिवशी भागी पडवीतच बसली. दुसऱ्या दिवशी दिपा तिचा हात धरून तिला आत ओढत घेऊन गेली आणि काड्या मांडायला बसवलं. पांडू सखूबाईच्या पिठाच्या डब्यात सापडला.

“तुजी लई शांत हाय,” भागी म्हणाली. “माजा वारा हाय नुस्ता. धरून ठेव, नाय तं बाईंचं घुंगरू घेऊन पलंल.”

“तू हिला चिमटा काढू नको म्हंजे झालं,” कुमुद म्हणाली.

“तुज्या पोरीला कशाला? माज्या हाताला काय काम नाय?” दोघी हसल्या.

तपासणीला दिपाचा नंबर लागला तेव्हा कुमुद दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. भागीने मांडी घातली, दिपाला बसवलं, दोन्ही हात बाजूला फरशीवर उताणे ठेवले आणि डोळे मिटून घेतले. रूपाने चेंडू फिरवला. उजवीकडे घुंगरू वाजलं.

दिपा चेंडूकडे पाहत होती.

डावीकडे चमचा वाजला. कुमुदच्या दोन्ही मुठी आवळल्या गेल्या. दिपा चेंडूकडे पाहत होती. बारीक सूर, मग थोडा मोठा, मग आणखी मोठा. ओट्यावरचा कुत्रा कान टवकारून उठला. दिपा चेंडूकडे पाहत होती आणि मधेच रूपाकडे पाहून हसत होती. शेवटी बाईंनी यंत्राचा आवाज इतका वाढवला की भागी दचकली. तेव्हा कुठे दिपा वळली, काय झालं म्हणून भागीच्या तोंडाकडे पाहू लागली.

कुणी छान म्हणालं नाही. बाईंनी लिहून घेतलं.

मग पांडूची पाळी आली. कुमुदने त्याला मांडीवर घेतलं. घुंगरू वाजलं, पांडू वळला नाही, आणि कुमुदच्या लक्षात आलं की तिची बोटं दाबायला निघालीच होती. दुसरीचं पोर, तरीही. भागी दाराशी उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. कुमुदने हात मांडीखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसून राहिली. पुढचा सूर वाजला. पांडू वळला नाही. तिला वाटलं, हे सोसायला फार जड आहे, आणि मग वाटलं, सोसलं पाहिजे.

निम्म्याहून जास्त मुलांना हलके आवाज ऐकू येत नव्हते. बाईंनी प्रत्येकाच्या कानात बत्तीने पुन्हा पाहिलं. तात्यांना सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता, फक्त त्या हातातले कागद पुन्हा पुन्हा एकसारखे करत होत्या. “काहींच्या पडद्यामागे पाणी साचलेलं असावं. दिपाच्या तर मला स्पष्टच दिसतंय. ते काढता येतं. काहींचं कारण वेगळं असेल. आता मुंबईला न्यायला माझ्याकडे काहीतरी आहे.”

“देतील त्ये पैसे?”

“माहीत नाही.”

“पानी काढलं का पोरगी बोलंल?”

“तेही माहीत नाही, तात्या. तेच शोधायचंय.”

तात्यांनी डबी उघडली, बंद केली. “तुमाला काय म्हाईत असतं वो बाई?” ते म्हणाले, पण त्यात टोमणा उरला नव्हता. जाताना आनंदाला म्हणाले, “फुडल्या जत्रेला बी आर्केस्ट्रा नको. तसाबी बेसूर असतो.”

कुमुद दिपाला घ्यायला बाहेर आली. ओट्याच्या कडेला पोरगी रस्त्याकडे तोंड करून बसली होती, शेजारी पांडू. जगन ट्रक उभा करून थोड्या अंतरावर थांबला होता. त्याने तोंड उघडलं, हाक मारण्यासाठी, आणि मिटलं. कुमुदकडे पाहिलं.

मग तो ओट्याला वळसा घालून समोर आला, लेकीपुढे उकिडवा बसला आणि तिचं तोंड आपल्या तोंडासमोर येईपर्यंत थांबला.

“दिपा,” तो म्हणाला. “घरी चल.”

दिपाने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग हात लांब करून तळवा त्याच्या गळ्यावर ठेवला, आणि तो पुन्हा काही बोलतो का, याची वाट पाहत राहिली.